शोध लावणाऱ्याचं नाव

"हे सुचलं कुणाला?" वकीलबाईंनी विचारलं. पेटंटच्या अर्जातला सगळ्यात सोपा प्रश्न. या प्रश्नाला लोक छाती पुढे काढून बसतात.

"धाकट्याला," थोरला म्हणाला.

धाकटा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. दोघा भावांचा दोरखंडाचा कारखाना, आणि तिथल्याच दोर वळायच्या यंत्रात त्याची बाही अडकली. बाहीमागून हात गेला, हातामागून माणूस. त्याची बायको आत्ता शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वारस म्हणून सही लागेल, चल, एवढंच सांगून थोरल्यानं तिला आणलं होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. टेबलावर सुधारलेल्या यंत्राची चित्रं पसरली होती. कामगार उभा राहतो तिथं एक फळी. माणूस फळीवर आहे तोवर यंत्र फिरणार. तो ओढला गेला, घसरला, नुसता पाय जरी उचलला गेला, तरी ते जागच्या जागी थांबतं आणि अर्धा फेरा उलटं फिरून धरलेलं सोडून देतं. काम झकास होतं. बाईंच्या हाताखालून ढीगभर अर्ज गेले होते आणि त्यातले बरेचसे उसनवारीचे असायचे. हा तसा नव्हता.

पण हे बनवलंय कधी? या उन्हाळ्यात. मग धाकट्याला कसं सुचेल?

थोरल्यानं ते सांगितलं, एखाद्या पाहुण्याबद्दल सांगावं तितक्या सरळ. दुपारी जेवणाच्या सुट्टीत कामगार बाहेर गेले की धाकटा येतो. यंत्राजवळ उभा राहतो, एक पाय उचलतो, टेकवतो, पुन्हा उचलतो. बोलत काही नाही. आपल्याला जाब विचारायला येतो असं वाटून थोरला इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून डबा खात होता. या उन्हाळ्यात कधी नव्हे ते त्यानं मान वळवली, आणि भावाच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना म्हणून पायांकडे बघितलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

बाई हसल्या नाहीत आणि वादही घालत बसल्या नाहीत. त्यांनी कायदा सांगितला. पेटंट मिळालं की अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं तुमच्या परवानगीशिवाय ही वस्तू कुणी बनवायची नाही, वापरायची नाही, विकायची नाही. बदल्यात तुम्ही सगळी कृती जगाला उघड करून सांगायची, आणि मुदत संपली की ती सगळ्यांची. पण शोध लावणाऱ्याचं नाव खरं पाहिजे. खोटं निघालं तर पेटंट रद्द होऊ शकतं. शोध लावणारा वारला असेल तर वारस अर्ज करू शकतात, मात्र शोध त्यानं जिवंतपणी लावलेला हवा. आणि वेळ घालवू नका. परवा त्या मोठ्या कंपनीचा साहेब तुमच्याकडे चहा पिता पिता यंत्राखाली वाकून बघून गेला, असं तुम्हीच म्हणालात. त्यांचा अर्ज आधी गेला तर मग बसा बोंबलत.

"धाकट्यानं पाय दाखवला. फळी, स्प्रिंग, उलटा फेरा कुणी बसवलं?"

"मी. पण..."

"मग शोध तुमचा."

"म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं मी," थोरला म्हणाला.

बाईंना त्याची दया आली. त्यांनी वाट काढून दिली. शोध लावणारा एक आणि हक्काचा मालक दुसरा, हे कायद्याला चालतं. नाव तुमचं घाला आणि हक्क तुमच्या भावजयीला लिहून द्या. थोरल्याच्या जिवावरचं ओझं उतरलं. त्यानं ताबडतोब सगळ्याचे सगळे हक्क लिहून दिले, एका दमात, खाली मान घालून.

मग बाई धाकट्याच्या बायकोकडे वळल्या. कुणाला परवानगी द्यायची, कुणाकडून किती घ्यायचं, कुणाला साफ नाही म्हणायचं, ते आता तुम्ही ठरवायचं, असं त्यांनी तिला समजावलं. किती मिळतील, हा पुढचा प्रश्न त्यांना पाठ होता.

तिनं तो विचारला नाही. ती मघापासून थोरल्याकडेच बघत होती.

"हे तुमच्याकडे येतात?" ती म्हणाली. "घरी एकदासुद्धा आले नाहीत. मी अजून दार लोटून ठेवते, कडी लावत नाही."

तिला मत्सर वाटत होता, आणि तो लपवायचं भानही तिला उरलं नव्हतं. तिनं कागद हातानं बाजूला सारले.

"हे तुमचं तुम्हाला ठेवा. मला दुपारची सुट्टी द्या. तुम्ही जेवायला घरी जात जा, कारखान्यात मी बसते."

वीस वर्षांचा हक्क एका सहीत देऊन टाकणारा माणूस खुर्चीत आक्रसून बसला. मग पुटपुटला, की तो तुला दिसेलच असं नाही. अनोळखी चाहूल लागली तर कदाचित यायचाच थांबेल.

"अनोळखी?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, दुकानात भाव पाडून मागावा तशी म्हणाली, "रोज नको. आठवड्यातून एकच दुपार, भाऊजी."

थोरल्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.