खराटा

मोहफुलांच्या दिवसांत आम्ही आपापल्या झाडाखालचा पाचोळा पेटवून देतो. जमीन काळी झाली की गळलेली पिवळी फुलं पटकन दिसतात. बिरजाकाकी मात्र रोज खराट्यानं झाडायची, आणि आम्ही सगळ्या तिला हसायचो.

यंदा मी काडी लावली आणि वारा फिरला. तीन दिवस जंगल जळत होतं. खालच्या टोल्यावरची, त्या छोट्या वस्तीतली अकरा घरं गेली, त्यात काकीचंही. तिच्या दोन्ही शेळ्या दाव्याला बांधलेल्याच राहिल्या. जंगलखात्याच्या गार्डसाहेबानं विचारलं, "आग कोणी लावली?" सगळे गप्प. मीही.

चौथ्या दिवशी सकाळी कळलं, एकच मोह वाचलाय. काकीनं झाडलेल्या गोलापाशी येऊन आग विझली होती. आत ताजी फुलं पडली होती. तिनं सगळ्या टोल्याला वेचायला बोलावलं. मी टोपली घेऊन लांबच थांबले.

"काहून उभी रायली तिथं? ये इकडं."

राख अजून कोमट होती. जवळ गेले आणि तोंडातून निघूनच गेलं, "काकी, ती काडी माझी होती."

"पायलं मी. तवा इथंच झाडत होती."

बुंध्याला टेकवलेला खराटा तिनं उचलला. तिच्या संसारातलं तेवढंच उरलं होतं. तो तिनं माझ्या हातात दिला.

"उद्यापासून तू झाडजो. मी वाकली का मले शेळ्यायचं ओरडणं ऐकू येते."