उसना पट

दोन धर्मसंस्थांच्या दोन शाळा एकमेकींना खेटून होत्या, पण एकीचे सर आणि दुसरीच्या बाई यांच्यात विस्तव जात नसे. तेवढ्यात सरकारचा नवा नियम आला. ज्या शाळेचे वर्ग भरलेले नसतील, तिचं अनुदान बंद. दोन्हीकडे निम्मे बाक रिकामे होते. शेवटी सर नाक मुठीत धरून बाईंकडे गेले.

"बाई, उद्या तपासणीपुरती तुमची मुलं द्याल का?"

"देईन की. पण साहेब तुमच्याकडून थेट आमच्याकडे येणार आहेत. तेव्हा तुमचीही झाडून सगळी मुलं इकडे आली पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी सरांचे खच्चून भरलेले वर्ग पाहून साहेब खूश झाले. सरांनी त्यांना चहाला बसवून घेतलं, तोवर मुलं मागच्या दाराने पलीकडे जाऊन बसलीसुद्धा. गणवेश दोन्हीकडे निळाच, म्हणून निभावलं.

बाईंचेही वर्ग तुडुंब! साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं आणि खिसे चाचपू लागले. पहिल्या बाकावरची चिमुरडी टुणकन उठली.

"साहेब, तुमचा चष्मा! तिकडच्या वर्गात राहिला होता, मी येताना घेऊन आले."

बाईंनी डोळे मिटले. मागोमाग आलेले सर दारातच थिजले. साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि सगळ्या मुलांकडे नीट पाहिलं.



"मुलं भरपूर आहेत," ते म्हणाले. "शाळाच एक जास्त आहे."