पत्र्याची खोली

"आत या ना, बसा," करिश्मा म्हणाली.

"न्हाय, इथंच बरंय." रामहरी उंबऱ्याबाहेर उन्हातच उभा राहिला.

इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोटांत दोन अंगठ्या, मागं पांढरी गाडी. गाडीच्या अर्ध्या काचेतून एक म्हातारा चेहरा बाहेर बघत होता. करिश्माला पुढचं सांगायची गरज नव्हती. वर्षभरात असे बरेच लेक तिनं पाहिले होते. आईला सोडायला येतात आणि बुटाला चुना लागेल म्हणून उंबरा ओलांडत नाहीत.

परंडा–सोनारी रस्त्यावरचं हे डी.एड. कॉलेज. पोरं मिळेनात म्हणून बंद पडलं, मग दहा वर्षं वटवाघळांनी चालवलं. गेल्या वर्षी चार निवृत्त शिक्षकांनी ते घेतलं, वर्गांच्या खोल्या केल्या, संडासात धरायला दांडे बसवले आणि एकट्या म्हाताऱ्यांना परवडेल एवढंच भाडं ठेवलं. सगळा कारभार करिश्मा बघायची. तिची सात महिन्यांची निकिता ऑफिसातच झोळीत झोपायची. झोळी पंख्याच्या हुकाला बांधलेली. हूक करिश्मानं आधी स्वतः लोंबकळून पाहिला होता. लेकराच्या बाबतीत ती कुणावर विश्वास ठेवत नसे.

"एकच पक्की खोली उरलीय, सात नंबर," ती म्हणाली. "हवा चांगली येते. आईंना दाखवू या?"

रामहरी सात नंबरकडं बघतच नव्हता. तो वर बघत होता.

"वर टाकी हाय का?"

"दोन आहेत. हजार-हजार लिटरच्या, नव्या."

"भरलेल्या असत्यात?"

आईच्या आंघोळीचं पाणीसुद्धा मोजतोय, करिश्माला वाटलं. "काठोकाठ," ती म्हणाली.

त्यानं रुमालानं मान पुसली आणि मागच्या बाजूला बोट केलं. "ते पत्र्याचं शेड?"

"संस्थेनं गेल्या वर्षी उभं केलंय, सामानाला. तिथंही दोन खोल्या काढल्यात, पण कुणी घेत नाही. उन्हाळ्यात भट्टी होते. भाडं निम्मं आहे."

तो चालत गेला, शेडच्या खांबावर मूठ आपटून आला.

"हेच द्या."

"आईंचं वय किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि पत्र्याखाली ठेवणार? चैत्रात?"

"कूलर लावतो."

"तुम्ही राहाल का तिथं, एक दुपार?"

"म्याडम, फॉर्म द्या."

व्हरांड्यातल्या बाकावर चार नंबरचा धुळाप्पा बसला होता. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, आवाज अजून रानातलाच. "गाडीला एसी अन् आईला पत्रा," तो म्हणाला. "लई भारी लेक हाय बाबा."

रामहरीनं ऐकलं. त्याची नजर आता ऑफिसातल्या झोळीवर होती. झोळीच्या कापडावर पांढरी भुकटी पडली होती. करिश्मानं सवयीनं ती झटकली. जुना चुना, रोज पडायचा.

"हे लेकरू दिवसभर इथंच असतंय?"

"हो. का?"

"झोळी भाईर लिंबाला बांधा की."

करिश्माचे कान तापले. याची आई आम्ही सांभाळायची आणि याला आमच्या लेकराची अडचण. "ती रडत नाही. कुणाला त्रास नाही तिचा."

"तसं नव्हं." त्यानं पुन्हा वर पाहिलं. "भाईर वारं असतंय."

फॉर्म त्यानं गाडीच्या बॉनेटवर ठेवून भरला. टेबल होतं, खुर्ची होती, पंखा होता. साहेबांना आमच्या छताखाली दोन मिनिटंही थांबवत नव्हतं. इथं येण्याचं कारण, हा रकाना त्यानं कोराच ठेवला.

"इथं काय लिहायचं ते मी सांगू?" करिश्मानं विचारलं.

"तिचाच हट्ट हाय. म्या म्हणलं बार्शीला बघू, चांगली सोय हाय. ऐकना. ऱ्हाईन तर तिथंच, म्हणती."

"सगळ्यांच्या आयांचा हट्टच असतो," करिश्मा म्हणाली.

मग तिनं ठरवलं. हा माणूस असा सुटता कामा नये. फॉर्म हातात घेऊन ती गाडीपाशी गेली आणि दार उघडलं.

"चला मावशी. आमच्याकडं खोली राहणाऱ्यानं निवडायची असते."

"आय, तू उतरू नगं!" रामहरी ओरडला.

तारामती केव्हाच उतरली होती. करिश्माचा हात धरून ती उंबरा ओलांडून आत आली आणि झोळीपाशी उभी राहिली. रामहरी मागं धावला आणि उंबऱ्यावर थांबला. आता त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

धुळाप्पाला ऐकू जाईल अशा आवाजात करिश्मा म्हणाली, "मावशी, सात नंबरची पक्की खोली रिकामी आहे. तुमचे चिरंजीव तुम्हाला मागं पत्र्यात ठेवा म्हणतायत. तुम्ही सांगा, कुठं राहणार?"

"पत्र्यात कशाला गं बाई? पक्कीच दे." म्हातारी हसली. गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा तिनं भिंतीवरून हात फिरवला. तळव्याला पांढरी भुकटी लागली, ती तिनं पदराला पुसली.

"आय, भाईर ये," रामहरी म्हणाला. "म्याडम, ते लेकरू घ्या आन् तुमीबी भाईर या."

"लाजतंय ते," तारामती कौतुकानं म्हणाली. "आगं, म्हणून तर हट्ट धरला म्या. ही समदी बिल्डिंग माझ्या रामहरीनं बांधलीया. पयलं काँट्रॅक्ट त्येचं."