चांदणीचा नाच

खानदेशातल्या यात्रांमध्ये घोड्या नाचवून चषक पटकावणारा भिकनशेठ भेस्तानच्या केंद्रातली, दिव्यांग मुलांना उपचार म्हणून पाठीवर फिरवणारी चांदणी घोडी विकत घ्यायला आला होता. “वेडी पोरं पाठीवर घेऊन बिचारी सडतेय. स्पर्धेत खुलेल,” म्हणत त्यानं सोबतच्या ढोलवाल्याला खूण केली. ढोल कडाडताच घोडी जागच्या जागी थयथय पाय आपटू लागली. “बघा, कशी खूश झाली!” सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. लेकाला चांदणीवर बसवायला आलेल्या सुंदराला मात्र घोडीच्या पायांवरून ओघळणारं मूत दिसलं. त्या टाळ्यांची तिला शिसारी आली. त्यांच्या लिंबायत वस्तीतल्या वरातींत तिचा न बोलणारा हितेशही ढोलापुढे असाच पाय आपटायचा. नातेवाईक ओरडायचे, “नाचू दे, खूश आहे पोरगं!” तिनं ढोलवाल्याचं टिपरू हिसकावलं. “बाई, तुम्हाला घोड्यांतलं काय कळतं?” शेठ गुरगुरला. “घोड्यांतलं नाही कळत. पण वरातीहून आल्यावर हितेशची ओली चड्डी मीच धुते.”