सहा पावलं मागे

"काळं नको," बाबा म्हणाले. "काळ्यात तू दिसतच नाहीस."

"तेच तर हवंय," चिमणी पुटपुटली. पण सकाळी सव्वासहाला हुज्जत कोण घालणार? काळ्या टीशर्टवर तिने ते पिवळंधमक जर्किन चढवलं. चेन पोटावर येऊन अडली. श्वास आत ओढला, चेन वर ओढली आणि आरशाकडे पाठ करून बूट घातले.

घरात तिचं नाव चिमणी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणे. आता पंधराव्या वर्षी कुणी त्या नावाने हाक मारली की त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

हे चालणं सुरू होऊन चार महिने झाले. तिला ताप होता म्हणून बाबा दवाखान्यात घेऊन गेले होते. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघून नुसतं 'हं' केलं. मग तिला बाहेर बसवून बाबा आत थांबले, चांगली पंधरा मिनिटं. बाहेर आले ते तोंड पाडूनच.

त्याच आठवड्यात त्यांनी स्कूटर विकली.

"उद्यापासून चालत जाऊ. सकाळी बेकरीपर्यंत तू यायचं, संध्याकाळी न्यायला यायचं. चालणं चांगलं असतं."

कुणासाठी चांगलं, ते विचारायची गरज नव्हती. ते 'हं' तिला पुरलं होतं. त्या दिवसापासून रात्री दोन घास खाल्ले की ती "भूक नाही" म्हणून उठायची. आई ताट झाकून ठेवायची. सकाळी तेच ताट, तसंच.

पूर्वी बाबा बेकरीत केकवर नावं लिहायचे. अक्षर असं की लोक केकवर सुरी चालवायला कचरायचे. एखादा फसला की तो घरी यायचा. आता ते बेकरीच्या आतल्या खोलीत मैदा मळायचे आणि घरात केकचा तुकडा येत नव्हता. आईने विचारलं तर म्हणाले, "बरंय की. हाताला व्यायाम." अख्ख्या घराला व्यायामाचं वेड लागलं होतं, आणि सगळ्याचं मूळ म्हणजे हे चेन अडवणारं पोट.

रस्त्याने बाबा कायम तिच्या मागे. सहा पावलं, तिने मोजली होती. ती थांबली की थांबायचे, वळली की वळायचे, पण बाजूला कधी यायचे नाहीत. एकेकाळी तिला स्कूटरवर पुढे उभी करून मिरवणारा हाच माणूस.

"लाजतात गं," काल रात्री दादाने ज्ञान पाजळलं. "बरोबर चालले तर लोकांना कळेल ना, ही यांचीच."

"तुला विचारलं कुणी, शहाण्या?" तिने उशी फेकून मारली. नेम बरोबर बसला. पण वाक्य काही परत गेलं नाही.

आणि खोटं तरी कसं म्हणायचं? परवा शेजारच्या काकूंनी रस्त्यापलीकडून हात केला, तर बाबांनी साधी मान हलवली नाही. जशी काही ओळखच नाही. घरातसुद्धा हल्ली बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नसत. खांद्यापलीकडे कुठेतरी बघत.

सायकलच्या दुकानापाशी पोरं बसलेलीच होती.

"आली रे चिमणी!"

"चिमणी कसली? कारखान्याची चिमणी!"

"कोण रे ते?" मागून बाबा ओरडले.

तिचं डोकंच फिरलं. कोण रे? खालच्या मजल्यावरची तिघं, रोज जिन्यात भेटणारी! पण नाव घेऊन हाक मारली असती तर लेकीसाठी भांडावं लागलं असतं ना.

पुलाचा चढ लागला. पहिल्या आठवड्यात इथे अर्ध्यावरच धाप लागायची. आज वर कधी पोचली ते कळलंसुद्धा नाही. रागात होती म्हणून असेल.

पूल उतरल्यावर सिग्नलला दहाबारा माणसं ताटकळत होती. आज सोक्षमोक्ष, तिने ठरवलं. त्यांच्यात शिरून जर्किन काढलं, पिशवीत कोंबलं आणि काळ्या टीशर्टमध्ये, पोट न लपवता, खांबाला टेकून उभी राहिली. येऊ देत. जर्किन का काढलंस, विचारू देत. मग तीच विचारणार होती, बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते का? हो म्हणाले तर उद्यापासून चालणं बंद. शाळा बंद. घराबाहेर पाऊल नाही.

बाबा आले. थांबले. मान इकडून तिकडे फिरवली. त्यांची नजर तिच्या अंगावरून गेली आणि तशीच पुढे सरकली.

मग ते चालू लागले. अगदी हातभर अंतरावरून, तिच्यासमोरून.

म्हणजे दादाचं खरंच होतं. तोंडावर ओळख नाकारायची, तीही सख्ख्या बापाने! ती हाक मारणारच होती, चारचौघांत, मोठ्याने.

पुढे रस्ता खणला होता. खड्ड्याच्या अलीकडे कामगारांनी मातीने भरलेलं एक पिंप ठेवलं होतं, छातीएवढं, पिवळं. ते दिसताच बाबांनी हुश्श केलं, झपाझप तिकडे गेले आणि त्याच्या जरा अलीकडे थांबले.

"दमलीस का गं, चिमणे?" ते पिंपाला म्हणाले. "थांब हवं तर. तू निघालीस की निघू."