राणीला कोंडलं कसं?

बहात्तर साली मी बी.ए.चा इतिहास मोठ्यानं पाठ करत होतो. चांगुणाताईला न्यायला आलेले दाजी ओसरीवर चहा पीत होते. ताई सासरी परत जायला तयार नव्हती आणि कारणही सांगत नव्हती. “स्पेनच्या राजानं लग्न होताच राणीला किल्ल्यात कोंडलं,” मी वाचलं. “कोंडलं कसं?” आबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. आमच्या शनिशिंगणापुरात कुठल्याच घराला दार नाही. “दार लावून, आबा.” “मंग उघडून यायचं की तिनं!” “कडी भायेरून असती, आबा,” ताई हळूच म्हणाली. ताईनं स्पेन कधी पाहिला, याचं मला नवल वाटलं. आबांनी दाजींकडं पाहिलं. “व्हय का, पाव्हनं?” दाजींनी बशी खाली ठेवली. “आमच्याकडं चोऱ्या लई, मामा.” आबांनी सहानुभूतीनं मान हलवली. “मंग निवांत बसलात काय? पळा! घर राखा. चांगुणा हितंच ऱ्हाईल.”