वरची अर्धी वाटी

पाणी पिऊन झालं, अजेमानमामांनी रिवाजाप्रमाणे पेल्यातला शेवटचा घोट जमिनीला दिला, तरी सेर्वामावशीने बाफोकडे पाहिलं नाही. तिच्यामागे भाताचं मोठं पातेलं पालथं पडलं होतं.

"आमच्याकडे सगळं क्षेम आहे," ती मामांना म्हणाली. "आपण काय निरोप घेऊन आलात?"

बाफोच्या घशाशी एक शब्द येऊन बसला होता. चुकलो. एवढाच. बोलून मोकळा झाला असता. पण शेजारच्या बाकावर विमा कंपनीचे लॅम्प्टेसाहेब वही उघडून, गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. हरमातनचा, वाळवंटाकडचा कोरडा गार वारा सुटला होता आणि अख्खं कुमासी शहर कुडकुडत होतं.

बाफो बिझनेस कोच. कुणाचा नोकर नव्हे. एक टाय, एक पांढरा फळा आणि एक तोंड एवढ्या भांडवलावर बाजाराला धंदा शिकवायचा. सेर्वामावशीच्या चवळीभाताला अशी रांग लागायची की शेपटीला ओळख झालेली जोडपी पातेल्यापाशी पोचेपर्यंत पहिल्या पोराचं नाव ठरवून मोकळी होत. बाफोने तिला सल्ला दिला: माप वाढून झाल्यावर वर जी अर्धी वाटी फुकट घालतेस ना, तेवढी बंद कर. मावशीने बंद केली. आठवड्याभरात रांगेत एक कुत्रं उरलं, आणि तेही वास घेऊन पुढच्या गाड्यावर गेलं.

नशिबाने बाफोने विमा काढला होता. सल्ला चुकून गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाई कंपनी देणार. अट एकच: विमेदाराने स्वतः चूक कबूल करायची नाही. केली, की विमा गेला; आणि विमा गेला की मावशीला द्यायला बाफोकडे तो टाय आणि फळा. मावशीचीही अट एकच. माफी मागितल्याशिवाय ती त्या पैशाला शिवणार नव्हती. "बकरी गाडीखाली आली की पैसे देऊन मिटवतात," तिने बाजारभर सांगितलं होतं. "मी काय बकरी आहे?"

मामा उठले. माफी मागणाऱ्याने करायचं तसं त्यांनी चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं. उघडा खांदा गारठ्याने शहारला.

"सेर्वाबाई, हा माझ्या बहिणीचा मुलगा. अशा बैठकीत पोरांनी बोलायचं नसतं, थोरांनी बोलायचं असतं. चुकलं ते चुकलं. आम्ही माफी मागायला आलोय."

लॅम्प्टेसाहेब ताठ झाले. "थांबा, थांबा. आपला विमा आहे आमच्याकडे?"

"माझा?" मामा हसले. "साहेब, या वयात माझा विमा काढायला तुमची कंपनी काय ताडी पिऊन बसलीय?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग चालू द्या. मी फक्त विमेदाराचं ऐकतो."

मग मामा सुटले. त्यांनी पातेल्याची माफी मागितली, चुलीची मागितली, मावशीच्या आईने जिथे पहिली चूल मांडली त्या मातीची मागितली. अशी मागितली, की पलीकडच्या मासेवालीने डोळे पुसत आपल्या नवऱ्याला माफ करून टाकलं. तो बिचारा विचारत राहिला, "अगं, पण मी केलं काय?"

मावशीचे ओठ हलले. पण मान बाफोकडे वळली. "मामा, तुमचं ऐकलं. पण हा? फळ्यापुढे याची जीभ उड्या मारते. आज याला काहीच वाटत नाही?"

बाफोने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी वहीकडे पाहिलं.

बाफो खाली वाकला. बुटांची नाडी सोडली, एक बूट काढला, मग दुसरा. मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला. तो तसाच गार फरशीवर मान खाली घालून उभा राहिला. पायातलं काढून कुणापुढे उभं राहणं म्हणजे काय, हे बाजारातल्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. लॅम्प्टेसाहेब तर याच मातीतले.

साहेबांनी त्या अंगठ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"उकाडा फार आहे आज," ते म्हणाले, आणि मोठ्याने वाचत लिहू लागले, "विमेदाराने उकाड्यामुळे बूट काढले." मग मफलर सोडून त्यांनी त्याच मफलरने वारा घ्यायला सुरुवात केली.

मामांनीही वस्त्राच्या पदराने वारा घेतला. मासेवालीने पुठ्ठा उचलला. सगळी ओळ दात वाजवत वारा घेऊ लागली.

मावशीला हसू आवरेना. हसता हसताच तिने साहेबांच्या भरपाईच्या कागदावर सही केली, पातेलं सुलटं करून चुलीवर चढवलं, आणि आतून घरच्यासाठी रांधलेला भात आणून पानांवर वाढायला घेतला.

"साहेब," बाफोने हळूच विचारलं, "आभार मानले तर चालतील?"

"त्याला कंपनीची हरकत नाही," साहेब मफलर पुन्हा घट्ट गुंडाळत म्हणाले. "फक्त मला नको. मी काही पाहिलंच नाही."

बाफो मावशीकडे वळला. तोंड उघडलं, पण एवढा वेळ अडवून धरलेला आवाज आता बोलावूनही येईना. डोळेच भरून आले.

"गप. खा आधी," मावशी म्हणाली. तिने त्याचं माप पानावर वाढलं, जरा थांबली, आणि बाजाराला ऐकू जाईल अशी वाटी आपटून वर अर्धी वाटी घातली.

तिने मान वर केली तेव्हा समोर ते कुत्रं येऊन उभं होतं. कुत्र्यामागे मासेवाली, हातात डबा घेऊन.